गळवेसाहेबांचा बैल

आमच्या बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत वर्षातून एकदा पाटीला जेवायला वाढलं जायचं. तुमच्या वाचण्यात काही चूक झालेली नाही. पाटीलाच. आषाढातल्या एका दुपारी, कस्तुरबा गांधी मार्गाकडून येणाऱ्या गाड्या जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवत असताना, निवृत्तीला आलेले एक सीनियर मॅनेजर बँकेच्या दाराशी उकिडवे बसत. समोर भिंतीत बसवलेला पितळी बैल, हे आमच्या बँकेचं बोधचिन्ह. साहेब स्टीलच्या ताटातली पुरणपोळी मोडत, त्याच्या पितळी तोंडाला लावत आणि म्हणत, "घ्या. सावकाश घ्या. आज काम नाही." बैल एरवीही काही काम करत नसे. पण ते आमच्या बँकेत पुष्कळांच्या बाबतीत खरं होतं आणि त्यांना कोणी पुरणपोळी वाढत नसे.

हे सदाशिव गळवे. इमारती, भाडेकरार, गळके नळ आणि पाट्या असं ज्याला कोणी वाली नाही ते सगळं त्यांच्या खात्यात होतं. बारा महिने एकच फिकट सफारी, खिशाला दोन पेनं, आणि चालताना मान किंचित पुढे. मी पुण्याहून प्रचार विभागात बदलून आले त्याच आठवड्यात आमची गाठ पडली. सकाळी दारातून आत शिरताना मला दिसलं, की बैलाच्या खांद्याला कोणीतरी पिवळं काहीतरी फासलंय. प्रचार विभागाची जबाबदार अधिकारी म्हणून मी वॉचमनला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, गलवे साब ने हल्दी लगाई है. आज इनका न्योता है, कल खाना."

मी गळव्यांच्या टेबलाशी गेले. आपल्यालाही मराठी सण कळतात हे दाखवायला म्हटलं, "पोळा आहे वाटतं उद्या?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोळा नाही मॅडम. बेंदूर. पोळा वेगळा, तो श्रावणात. तो तुमच्या नागपूरवाल्यांचा."

"मी पुण्याची आहे."

"अच्छा. मग तुमचं काहीच नाही," असं म्हणून ते पुन्हा नळाच्या बिलात शिरले.

दुसऱ्या दिवशी बैलाचं जेवण झाल्यावर उरलेल्या पोळ्या शाखेत वाटल्या गेल्या. कर्जविभागातले चढ्ढाजी वर्षभर या दिवसाची वाट बघत. बेंदूर म्हणजे काय, बैल का जेवतो, याबद्दल त्यांना काडीचंही कुतूहल नव्हतं. मराठ्यांचा देव चौपाया आहे आणि त्याला गोड डाळीचा पराठा आवडतो, एवढ्यावर ते तृप्त होते.

आता या बैलाविषयी. आमची बँक फार जुनी. दूरच्या एका तालुक्याच्या गावी गुळाच्या चार व्यापाऱ्यांनी ती काढली आणि चिन्ह म्हणून बैल घेतला. पुढे व्यापारी गेले, गूळ गेला, बँक पसरत पसरत दिल्लीला आली आणि बैलही तिच्याबरोबर आला. मुख्य शाखेत तो पितळेचा होता. बाकी दिल्लीत आणि आसपासच्या गावांत पत्र्याच्या पाट्यांवर रंगवलेला. या सगळ्या बैलांचे पालक म्हणजे गळवे. आणि त्यांचा सगळा जीव त्या बैलांच्या शिंगांत.

"शिंगं बघा, शिंगं," हे त्यांचं पालुपद. कुठल्याही शाखेत गेले, की मॅनेजरच्या नमस्काराआधी त्यांची नजर पाटीवर. खरा खिलारी बैल, म्हणत, शिंगांवरून ओळखायचा. दोन्ही शिंगं कपाळातून जवळजवळ निघणार, मागे जाणार आणि मग सरळ वर, टोकदार. "आखूड शिंगाचा बैल आमच्याकडं माणदेशात कोणी दावणीला बांधत नाही मॅडम. बिल्कुल नाही." हे ते अशा अधिकारानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा गृहस्थ सकाळी दोन एकर नांगरून मग मेट्रोत बसला आहे.

दिल्लीच्या पेंटरांना मात्र खिलारी बैलाशी काही देणंघेणं नव्हतं. ज्याला जे जनावर माहीत तो ते काढी. बहादूरगडच्या शाखेवर चक्क म्हैस उगवली होती. गळवे भर जूनमध्ये शिडीखाली उभे राहिले आणि ती पुसायला लावली. पेंटर म्हणाला, "साब, भैंस में क्या बुराई है? दूध तो देती है." आमच्या बँकेच्या इतिहासात ग्राहकाला काय मिळतं याचा इतका स्पष्ट विचार कोणी केला नव्हता, पण गळव्यांनी तो मानला नाही. गाझियाबादच्या पेंटरनं बैलाला पापण्या काढल्या आणि ओठांवर मंद हसू ठेवलं. ते हसू गळव्यांनी राहू दिलं. "हसू दे यार. शिंगं वर आहेत ना."

हळूहळू हे शिंगांचं माप त्यांनी माणसांनाही लावलं होतं. नव्या रीजनल मॅनेजरबद्दल विचारलं तर म्हणत, "माणूस शरीफ आहे, पण शिंगं खाली." आजारी सहकाऱ्याला फोन केला तर पहिला प्रश्न, "काय, शिंगं वर ना?" पलीकडचा बिचारा जैन किंवा बॅनर्जी काय समजून हो म्हणत असेल देव जाणे. शाखेत कोणाला बढती मिळाली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, तरी गळव्यांचा आशीर्वाद एकच. "शिंगं वर राहू द्या."

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की यांची गावाकडे मोठी शेती असणार, दावणीला चार-सहा बैल असणार आणि निवृत्त झाले की हे दुसऱ्याच दिवशी गाडी पकडणार. चढ्ढाजींनी तर तिथला गूळ पाठवायचं वचनही घेऊन ठेवलं होतं. गळवे नाही म्हणत नसत, हो म्हणत नसत. "बघू," म्हणत आणि विषय शिंगांवर नेत.

आणि मग आमच्या बँकेला तरुण व्हायचं ठरलं.

जुन्या संस्थांना हा विकार एका ठरावीक वयात होतोच. चेअरमनसाहेबांना कोणीतरी सांगितलं, की बैल हे मागासलेपण आहे. मग गुरुग्रामच्या एका उंच काचेच्या इमारतीतले सल्लागार नेमले गेले. त्यांनी तरुण ग्राहकांना बैलाचं चित्र दाखवलं आणि मनात काय येतं ते विचारलं. तरुण ग्राहकांच्या मनात 'हळू' आलं. बैल हळू चालतो, हा शोध लावायला या मंडळींना एक अख्खा उन्हाळा लागला. बैलानं तेवढ्यात रान उरकलं असतं.

नवं चिन्ह मी सगळ्यांत आधी पाहिलं, कारण ते दिल्लीत सगळीकडे पोचवायचं काम माझ्याकडे होतं. एक केशरी वळणदार आकार आणि त्याच्या शेजारी एक निळा ठिपका. सल्लागार म्हणाला, "हे म्हणजे गती, विश्वास आणि मिठी." मी अर्थातच मान डोलावली, मला पगार त्याचाच मिळतो. चढ्ढाजींना ती संत्र्याची फोड वाटली आणि ठिपका म्हणजे तिची बी. ड्रायव्हरला वाटलं काहीतरी सांडलंय. गळव्यांनी कागद हातात घेतला, सरळ धरला, उलटा धरला आणि विचारलं, "याची वरची बाजू कोणती?" मी दाखवली. ते म्हणाले, "अच्छा," आणि कागद परत दिला. शिंगांचा विषय काढला नाही. मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं.

पुढे सगळ्या खात्यांच्या बैठकीत एक भानगड निघाली. सल्लागारांनी देशभरातल्या पाट्यांचे फोटो एका पडद्यावर लावले. सगळीकडच्या बैलांची शिंगं आखूड आणि बाहेर वळलेली; मुख्यालयातल्या मूळ चित्रातही तशीच. फक्त दिल्लीच्या टापूत, नोएडापासून बहादूरगडपर्यंत, प्रत्येक बैलाची शिंगं लांब, टोकदार आणि आभाळाकडे. एवढंच काय, मुख्य शाखेतल्या पितळी बैलाची जुनी शिंगं कापून तिथे नवी लांब शिंगं डाकलेली होती. जोड दिसत होता. सल्लागारानं त्यावर लाल वर्तुळ काढलं आणि हे कोणी केलं असं विचारलं.

"मी," गळवे म्हणाले. "मुरादाबादहून पितळकामाचा माणूस आणला होता. जुनी शिंगं चुकीची होती."

"सर, पण मूळ चित्रच तसं आहे."

"मग मूळ चित्र चुकीचं आहे."

एका माणसानं बँकेला न विचारता तिच्या सगळ्या बैलांची जात बदलली होती, आणि इतकी वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे लेखापरीक्षण असं चालतं. चौकशी वगैरे झाली नाही, कारण बैलच जायचा होता. शिंगांवरून कोण भांडणार?

नव्या पाटीच्या उद्घाटनाला खुद्द चेअरमनसाहेब यायचे होते. तारीख ठरली ती नेमकी बेंदराच्या आठवडाभर आधी. त्या संध्याकाळी गळवे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, एक अर्ज होता. तोंडीच. बाकी सगळे बैल उद्या काढा. माझी माणसं लावून देतो. फक्त मेन ब्रँचचा तेवढा आठ दिवस राहू द्या. बेंदूर होऊ दे, मग मी स्वतः काढतो."

"गळवेसाहेब, चेअरमन येतायत. नव्या पाटीशेजारी हळद लावलेला बैल कसा चालेल?"

"कपडा टाकून झाकू या."

"मी वर विचारते," मी म्हटलं. 'वर विचारते' म्हणजे काय, हे दिल्लीत शाळकरी मुलालाही कळतं. गळव्यांना कळलं. ते म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल, तुमच्याही हातात काय आहे," आणि निघून गेले. मी खरंच वर विचारलं. वरून हसण्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

बैल निघाला. तो भिंतीतून सोडवताना गळवे हजर होते, कारण ते त्यांच्याच खात्याचं काम होतं. कामगारांना एवढंच म्हणत होते, "मानेला धरू नका, पोटाखालून हात घाला." मग त्याला पोत्यात गुंडाळून टेम्पोत घातलं. वारसा जपण्याचीही एक फॅशन असते, त्यामुळे बैल भंगारात गेला नाही. गुरुग्रामला आमचं नवं कार्यालय झालं होतं. तिथल्या तळमजल्यावर, कॉफीच्या यंत्राशेजारी, त्याला काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. त्याआधी त्याची 'डागडुजी' होणार होती. त्या कागदावर सही माझी होती. कसली डागडुजी ते मी विचारलं नाही.

उद्घाटन दणक्यात झालं. आम्ही नव्या चिन्हाच्या कापडी पिशव्या वाटल्या, आणि त्या पिशव्या हा माझ्या कारकिर्दीतला खरा विजय. फोड कोणालाच कळली नाही, पण पिशवी सगळ्यांना कळली. रिक्षावाल्यांनी नेली, पोळीवाल्या बायकांनी नेली, सरोजिनी नगरच्या बाजारात तर लोक तीच घेऊन कांदे निवडताना दिसू लागले. गळव्यांनीही एक घेतली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांचा डबा त्याच पिशवीत होता, पण पिशवी उलटी करून, शिवण बाहेर आणि फोड आत. मी मनात म्हटलं, हा यांचा निषेध. सरकारी वसाहतीत राहणारी माणसं निषेधही किती बेतानं करतात.

बेंदराच्या दिवशी दुपारी मी गुरुग्रामच्या कार्यालयात होते. खालून रिसेप्शनचा फोन आला. कोणी गलवेजी आलेत, त्यांच्या हातात ताट आहे, आणि सिक्युरिटी त्यांना आत सोडत नाही.

मी खाली गेले. दारातल्या धातुशोधक कमानीशी गळवे उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, जी मी आजवर कधी पाहिली नव्हती, आणि हातात रुमालानं झाकलेलं ताट. ते ताट त्यांनी लक्ष्मीबाई नगरहून मेट्रोतून, गर्दीत, कलू न देता आणलं होतं. गार्ड समजावत होता, "अंकल, बाहर का खाना अलाउड नहीं है. कैफेटेरिया में छोले मिलते हैं."

"मेरे लिए नहीं है यार," गळवे म्हणत होते.

"तो किसके लिए है?"

पितळी बैलासाठी असं खाली, त्या चकचकीत फरशीवर उभं राहून सांगणं, त्यांच्यासारख्या माणसालाही जड गेलं. मी माझ्या नावावर त्यांचा पाहुण्याचा पास केला. भेटीचं कारण विचारणाऱ्या रकान्यात रिसेप्शनच्या मुलीनं आपल्या मनानं 'लंच' लिहिलं. तिच्या हातून त्या दिवशी झालेली ती एकमेव अचूक नोंद असावी.

बैल कॉफीच्या यंत्राशेजारी होता. पेटीत, वरून दिव्याचा झोत. चकाकत होता. आणि त्याची शिंगं आखूड होती, बाहेर वळलेली. मुख्यालयातल्या मूळ चित्राप्रमाणे सगळं बिनचूक करून ठेवलं होतं. मुरादाबादची शिंगं कापून टाकली होती आणि जोड घासून असा काही गुळगुळीत केला होता, की तिथे कधी काही होतं हे सांगूनही पटलं नसतं.

मला वाटलं, आता हे म्हणतील, शिंगं बघा, शिंगं. ते काचेजवळ बसले, ताटावरचा रुमाल काढला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाचा गोळा. बैलाच्या तोंडाला घास लावता येईना, मध्ये काच. मग त्यांनी ताट काचेला टेकवलं आणि थोडा वेळ तसेच हात जोडून बसून राहिले. शेजारी दोन तरुण पोरं कॉफीचे कप धरून थांबली होती. त्यांना वाटलं बँकेची काहीतरी जाहिरात चाललीय. एकानं फोटो काढला.

उठताना त्यांनी ताटातला सगळा नैवेद्य मघाच्या गार्डला दिला. तो बिहारचा. त्यानं काही न विचारता कपाळाला लावून खाल्ला.

"चलो," गळवे म्हणाले. "उशीर झाला. आई उपाशी आहे."

मी माझी गाडी काढली. ते नको नको म्हणत होते, पण त्या टोपीतल्या माणसाला रिकामं ताट घेऊन मेट्रोत पाठवणं मला जमलं नाही. महिपालपूरच्या आधी गाड्या तुंबल्या आणि तिथे ते आपणहून बोलायला लागले. इतकी वर्षं बैलाखेरीज दुसरं न बोललेला माणूस.

वडील फौजेत, दिल्ली छावणीत. लग्नानंतर बरीच वर्षं आई गावी होती, नंतर इकडे आली. आली ती पहिल्याच बेंदराला अडून बसली. बैलाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवणार नाही. छावणीत बैल कुठून आणायचा? रस्त्यावरचे सांड तिला चालेनात. त्यांना काम ठाऊक नाही, त्यांचा कसला सण, म्हणायची. वडील असेपर्यंत कुठून कुठून गाडीवानाचा बैल शोधून आणत. ते गेले, दिल्लीतले बैल गेले. तोवर गळवे बँकेत चिकटले होते. त्यांनी आईला मुख्य शाखेच्या पाटीसमोर आणून उभं केलं.

"तिनं बघितलं आणि म्हणाली, हा आपला नाही. शिंगं बघ की याची. ती तशीच परत गेली. उपाशी." गळवे समोरच्या ट्रककडे बघत बोलत होते. "मग पुढच्या वर्षाच्या आत मी शिंगं बदलून घेतली."

"पण बाकीच्या पाट्या? बहादूरगड, गाझियाबाद?"

"आई तेव्हा फिरायची मॅडम. बसनं कुठं कुठं, नातेवाइकांकडं जायची. एखाद्या ब्रँचसमोरनं गेली आणि तिथं चुकीचा बैल दिसला, तर म्हणेल पोरानं मेन ब्रँचला मला फसवलं. म्हणून सगळेच बदलले." जरा थांबून म्हणाले, "आता तिला गुडघ्यानं उतरवत नाही. मीच येतो नैवेद्य घेऊन आणि घरी जाऊन सांगतो, की खाल्ला. मग ती जेवते. तिला बैल गेल्याचं सांगितलेलं नाही. तुम्हीही काही बोलू नका प्लीज. म्हणून ती पिशवीसुद्धा मी उलटी करून नेतो."

शिंगं कापण्याच्या कागदावरची सही माझ्या डोळ्यांसमोर होती.

लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर गळवेवहिनींच्या नावावरचं. त्या केंद्र सरकारच्या एका खात्यात, त्या दिवशी ऑफिसात होत्या. घरी एकट्या आई. लहानखुरी, नऊवारीतली, डोळे मात्र लखलखीत. गळवे हात-पाय धुवायला आत गेले आणि मी पाणी मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले.

म्हातारीनं आत वळून पाहिलं, नळाचा आवाज चालू आहे याची खात्री केली आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "बैल काढला न्हवं बँकेनं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिनं दाराच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे माझी विजयी पिशवी लटकत होती, सुलटी, फोड बाहेर, आत भेंडी. "भाजीवाला घिऊन आला. म्या म्हनलं, बँकेची हाय तर बैल कुठं हाय? त्यो म्हनला, अम्मा, बैल हटा दिया." तिनं पिशवीतली भेंडी टोपलीत ओतली, पिशवीची घडी केली आणि डाळीच्या डब्यामागं सारली. "सदाला नका सांगू. त्याला वाटतंय मला ठावं न्हाई."

"मग तुम्ही आज उपास..."

"धरला की. न्हाईतर त्यो जाईल कशाला?" ती पोळीवर तूप सोडत होती. "मला काय पोरी, म्या बैलांतच वाढले. माझं बैलांनी मन भरलंय. ह्यो पोटात असताना वाटण्या झाल्या, बैलजोडी थोरल्या दिरानं नेली. तवापासनं जाणं न्हाई, येणं न्हाई, गाव तुटलं. ह्यो हितंच जल्मला. खिलारी बैल ह्येनं आजपातुर डोळ्यानं बघितला न्हाई."

"एकदाही नाही?"

"कुठनं बघंल? म्या सांगितलं तेवढंच त्याला म्हाईत. पण वर्सातनं एक दिस टोपी घालून निघतो, तवा त्याला वाटतंय आपलं बी कुणीतरी हाय तिकडं. मग म्या बी उपाशी ऱ्हाते. माझं काय जातंय?"

नळ बंद झाला. गळवे टॉवेलला हात पुसत बाहेर आले. म्हातारीचा चेहरा क्षणात बदलला, रोजच्यासारखा जरा करारी झाला.

"खाल्ला का रं त्येनं?"

"खाल्ला आई. सगळा."

"आन् शिंगं?"

गेल्या कित्येक बेंदरांना या प्रश्नाचं साधं उत्तर गळवे देत आले होते; आज त्यांनी कोरडे हात पुन्हा टॉवेलला पुसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वर आहेत, आजी," मी म्हटलं. "मी आत्ताच बघून आले."

"मग झालं," ती म्हणाली. "बस पोरी. तू बी जेव."

आम्ही तिघं जेवायला बसलो. पहिला घास पोटात गेला आणि गळवे खुलले. खिलारी बैल म्हणजे काय चीज आहे ते ते मला सांगू लागले. तो उन्हात किती चालतो, मालकाचा पाय कसा ओळखतो, चाबूक कसा सहन करत नाही, दावणीला बांधताना डावा कोणता आणि उजवा कोणता. टोपी अजून डोक्यावर होती. आणि जिनं पहाटे उठून त्या बैलांना वैरण घातली होती, शेण काढलं होतं, ती म्हातारी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी, मधूनमधून "व्हय का?" म्हणत, त्यांच्या पानात तूप वाढत राहिली.